करंजाची हळद

माझे वडील, आमचे दादा, झाडं रंगवायचे. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चित्रकार असतील. तसलं काही नाही. दौलताबादेहून खुलताबादेकडं चढणाऱ्या घाटात रस्त्याची सरकारी गँग असायची. खड्डे बुजवायचे, नाल्या मोकळ्या करायच्या, आणि पावसाळा सरला की कडेच्या झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू अन् वर चुना लावायचा, ही गँगची कामं. त्यातलं झाडांचं काम मुकादम दादांशिवाय कुणाला देत नसे, कारण दादांची रेघ सरळ. वड कितीही वेडावाकडा असो, ते बुंध्याला सुतळी बांधणार, चार पावलं मागं जाऊन एक डोळा मिटून बघणार, सुतळी बोटभर वर घेणार, आणि मगच कुंचा उचलणार. वर चुन्यावर काळ्या रंगानं झाडाचा नंबर. दादांना अक्षरं फार येत नव्हती, सहीपुरती येत. आकडे मात्र छापल्यासारखे काढायचे. घाटातून जाताना एस.टी.च्या खिडकीतून मी ते आकडे मोजायची, आणि शेजारी कॉलेजातली मैत्रीण असली तर मोजत नसल्याचं सोंग करायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे केलं ते एकाएकी केलं असं कुणाला वाटायला नको.

आमचं घर किल्ल्याच्या पायथ्याला, वस्तीच्या शेवटाला होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं परस. परसात एक पत्र्याचं पिंप होतं आणि त्यात दादा चुन्याची कळी विझवायचे. कळीवर पाणी पडलं की पिंप खदखदायला लागे, वाफ निघे, आणि माय आतून ओरडे की पोरगी तिकडं हाय का बघा. मी विशीची झाले तरी ती हे ओरडायची. मग चुना गाळायचा, चिकटपणाला त्यात डिंकाचं पाणी घालायचं. कुंचा बाजारातला दादांना चालत नसे. घायपाताचा बुडखा दगडावर कुटून कुटून त्याचे केस मोकळे करायचे आणि सुतळीनं आवळायचे. त्या कुटण्याच्या ठोक्यावर मी कितीतरी परीक्षांचा अभ्यास केलाय. चुन्यानं दादांच्या बोटांना भेगा पडत. संध्याकाळी चुलीपुढं बसून ते त्यात करडईचं तेल जिरवायचे, आणि माय तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात टाकायची. अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा, कधी येसराची आमटी. सीताफळांच्या दिवसांत मात्र जेवणच नको व्हायचं. येणारा जाणारा टोपल्यातली दोन-चार ओट्यावर ठेवून जायचा, आणि आम्ही तिघं बिया थुंकत बसायचो. आता डॉक्टरांनी सीताफळ बंद केलंय. त्यांना काय जातंय बंद करायला.

मी तेव्हा औरंगाबादेत एम.एस्सी.ला होते, वनस्पतीशास्त्राला. शहराचं नाव आता बदललंय, माझ्या लाइटबिलावरही नवंच येतं, पण त्या वेळची गोष्ट त्या वेळच्या नावानंच सांगते. आमच्या सरांना दगडफुलाचं वेड होतं. दगडफूल म्हणजे तेच, मसाल्यातलं. नाव दगडाचं, पण त्यातलं निम्मं झाडांच्या सालींवर वाढतं. एक बुरशी आणि एक शेवाळ मिळून संसार करतात. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं, आणि दोघांचं मिळून जे दिसतं ते आपण एकच समजतो. हे मी एकदा जेवताना घरी सांगितलं. माय म्हणाली, एवढी फी भरून पोरगी मसाला शिकायली. दादा हसले नाहीत. भाकरी मोडता मोडता म्हणाले, वरच्या वळणाखाली ओढ्याच्या अंगाला जुना करंज हाय, त्याला हळद लागलीय. लई वर्षं बघतो मी. दुसऱ्या कुठल्या झाडाला नाय.

रविवारी ते मला घेऊन गेले. करंज रस्त्यापासून वीसेक पावलं खाली, झऱ्यापाशी होता. गँगच्या यादीत नसल्यानं त्याला ना नंबर होता ना चुना. उन्हाळ्यातही तिथं ओल असायची, रस्त्याची धूळ तिथवर उतरत नव्हती, आणि बुंध्याच्या उत्तरेच्या बाजूला, जिथं ऊन नुसतं चाटून जायचं, तिथं ती हळद होती, म्हणजे पिवळं दगडफूल. सालीला इतकी घट्ट बसलेली की नखानं निघेना. मधे अंड्याच्या बलकासारखा रंग, कडेला जाता जाता फिका, अगदी टोकाला राखाडी किनार. भिंगातून बघितलं तर पाठीवर मोहरीएवढे गडद ठिपके. सगळ्यात मोठा डाग दादांच्या तळहाताएवढा होता. दादांना मी भिंग दिलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, ही रेघ कुणी मारली गं एवढी बारीक? ते त्या किनारीबद्दल बोलत होते. तळहाताएवढं व्हायला त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं लागली असतील, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी भिंग परत दिलं आणि नकळत एक पाऊल मागं सरले.

मी नखाएवढी खपली सरांकडं नेली. सरांनी काचपट्टीवर ठेवून तिच्यावर दाहक पोटॅशचा एक थेंब सोडला, आणि डोळ्यांदेखत तो पिवळा कण जांभळा झाला, पिकल्या तुतीसारखा. या जातीच्या अंगात एक रंगद्रव्य असतं. ऊन सोसायला ती ते तयार करते, आणि अल्कली लागली की ते असं पालटतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलाच प्रकार. सरांनी खुर्चीतून उठून दार लावलं, मग परत येऊन विचारलं, कुठं मिळालं? मी म्हणाले, फिरता फिरता दिसलं. दादांचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही. त्याआधी एकदा सरांनी वडील काय करतात विचारलं होतं, तेव्हा मी सरकारी नोकरी म्हणाले होते. ते खोटं नव्हतं, म्हणून मला बरं वाटलं होतं. आमच्या वर्गात वकिलांच्या, प्राध्यापकांच्या मुली होत्या. मी वस्तीतली, स्कॉलरशिपवरची. कुणी कधी काही बोललं नाही, पण न बोलताही माणसाला बरंच ऐकू येतं.

सरांनी लखनौला पत्र घातलं. तिथं या विषयातले एक वयोवृद्ध प्रोफेसर होते, त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. उत्तर आलं: पुढच्या महिन्यात लेणी बघायला येतोच आहे, झाड जागेवर बघायचं आहे, झाडावरच्या प्रत्येक डागाचा नकाशा तयार ठेवा. आणि जात तीच निघाली, तर जिनं शोधली तिला संशोधनाला माझ्याकडं घेईन. माझ्यासाठी ते पत्र म्हणजे काय होतं, हे आजच्या मुलींना कसं सांगू? एम.एस्सी. झालं की पुढं काय, याचं उत्तर आमच्या घरी तयार होतं. बिडकीनच्या मावशीनं एक स्थळ आणून ठेवलेलं होतं, मुलगा चांगला होता, माझीही काही तक्रार नव्हती. पण लखनौचं पत्र वाचल्यापासून मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. मी चार रविवार त्या करंजापाशी बसून नकाशा काढला. अकरा डाग होते.

दादांना मी सांगितलं, गुरुवारी साहेब येतायत झाड बघायला. त्यांनी विचारलं, किती मोठा साहेब? मी म्हणाले, लई मोठा दादा, दिल्लीपर्यंत नाव आहे. एवढंच बोलले मी. बुधवारी शहरात मैत्रिणीकडं राहायला गेले, कारण सकाळी प्रोफेसरांबरोबर सरांच्या जीपमधून यायचं होतं. मोठा साहेब येणार म्हटल्यावर गँगचा माणूस काय करतो, हे मी जन्मापासून बघत आले होते. मंत्री यायचा असो, इंजिनियर यायचा असो, आदल्या दिवशी परसात पिंप खदखदायचं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. शिकलेल्या माणसाचं डोकं नको तिथं चालतं आणि हवं तिथं झोपा काढतं.

जीप वळणावर थांबली आणि मला रस्त्यावरूनच करंज दिसला. कधी दिसत नसे. पुरुषभर उंचीपर्यंत पांढराशुभ्र, खाली गेरूचा पट्टा, मधली रेघ सुतळीसारखी सरळ. वर नंबरसुद्धा टाकलेला, ओळीतला पुढचा. सगळ्यात मोठ्या डागाभोवती दादांनी चौकोनी खिडकी सोडली होती, त्या खिडकीला गेरूची बारीक महिरप केली होती, साहेबाला लांबूनच दिसावं म्हणून. हळद त्यांनी जपली होती. फक्त त्यांना माहीत होता तो एकच डाग, बाकीचे दहा बारीक, राखाडी, ते नकाशात होते आणि नकाशा माझ्या पिशवीत. शिवाय खिडकीच्या वरच्या कडेवरून चुना ओघळला होता, आणि ओघळ लागला तिथवर हळद जांभळी झाली होती.

सर इंग्रजीत काहीतरी पुटपुटले आणि मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "हे कुणाचं काम?"

दादा तिथंच होते. झाडापासून जरा बाजूला, धुतलेला सदरा घालून, कुंचा पाठीमागं धरून. पहाटेपासून राबले होते, भुवयांवर चुन्याचे शिंतोडे होते. चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते माझ्याकडं बघत होते, आता पोरगी सांगेल म्हणून वाट बघत. मी सरांकडं बघून म्हणाले, "रस्त्याची गँग असते सर. त्यांचं काम. मी ओळखत नाही यांना."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. गँगचं काम, एवढ्यावर भागलं असतं. ते वाक्य मी का बोलले, हे आज पासष्टी उलटून गेली तरी मला नीट कळलेलं नाही. भीती म्हणावी तर भीती, लाज म्हणावी तर लाज, दोन्ही मिळून जे होतं ते मी एकच समजत आले. दादांच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. आधी ते तसंच राहिलं, मग हळूहळू आवरलं गेलं. प्रोफेसरांनी त्यांना हिंदीत विचारलं, ये आपने किया? दादा कुंचा खाली ठेवून पुढं आले आणि हात जोडून आपल्या दखनी हिंदीत म्हणाले, "जी साहेब, हम सडकवाले. बाईसाहेब को मालूम नहीं था. हमारी गलती."

बाईसाहेब म्हणजे मी.

प्रोफेसर कुणालाच रागे भरले नाहीत. त्यांनी गुडघे टेकले, चष्मा कपाळावर सारला आणि बुंध्याला जवळजवळ नाक लावलं. पांढऱ्या चुन्यातून ठिकठिकाणी जांभळे डाग वर आले होते. दादा नंतर घरी म्हणाले, तीन हात दिले तरी डाग जाईनात, मला वाटलं झाडातच काही खोट हाय. प्रोफेसर एकेका डागावर बोट ठेवत मोजत गेले. सतरा भरले. सहा माझ्या नकाशात नव्हतेच, इतके पातळ की उघड्या डोळ्याला सालच वाटावी. ते हसायला लागले आणि सरांना म्हणाले, आपण एकेका थेंबानं जी परीक्षा करतो, ती या माणसानं सबंध झाडाची एका सकाळीत करून दाखवली. मग त्यांना वरचं बघायचं होतं. दादांनी धावत जाऊन गँगची शिडी आणली, ते म्हणतील तिथं लावली, वर चढून फांद्यांच्या बेचक्यातली नखाएवढी खपली सालीसकट काढून त्यांच्या पाकिटात घातली. चुन्याच्या रेघेच्या वर हळद शाबूत होती, भरपूर होती. जात तीच निघाली. निघताना प्रोफेसर माझ्याशी बोलले, जुलैत या म्हणाले, आणि दादांना म्हणाले की या झाडाला आता हात लावू नका. दादा म्हणाले, जी.

त्या झाडाचं पुढं काय झालं ते इथंच सांगते. चुना पावसानं दोन-तीन वर्षांत धुऊन निघाला, पण सालीत त्याचा गुण उरला. ही जात किंचित आंबट सालीवर जगते, तिला चुना म्हणजे विष. रेघेच्या खाली पुन्हा कधी हळद लागली नाही. वर होती. मी दर सुट्टीत जाऊन बघायची. पुढं मला ती जात गौताळ्याच्या जंगलात पिशोरकडच्या अंगाला दोन झाडांवर मिळाली, आणि मग कुठंच नाही.

त्या संध्याकाळी मी दादांच्या आधी घरी पोचले. मायनं विचारलं तर म्हणाले, झालं सगळं चांगलं. दादा आले, हातपाय धुतले, चुलीपुढं बसून बोटांना तेल लावायला लागले. ते चिडावेत, मला दोन शब्द बोलावेत, असं मला मनापासून वाटत होतं. मी म्हणाले, दादा, सकाळी मी जे बोलले ते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "घेतलं का तुला?" मी हो म्हणाले. "मग झालं की. भाकरी खा, गार व्हायलीय." मायला त्यांनी सांगितलं, साहेब लई खूश झाला, रेघ बघत बसला नुसता. माय दोन दिवस वस्तीत ते सांगत फिरली. मला तेव्हा कुठं तरी तोंड लपवावं वाटत होतं, पण कुणी विचारलं तर मीही हो हो म्हणत होते.

जुलैत निघाले. औरंगाबादेहून सकाळची गाडी, मनमाडला बदलायची. मायनं ट्रंकेत येसर, शेंगदाण्याची चटणी, तीन दिवसांच्या दशम्या भरल्या. ती स्टेशनवर आली नाही, डोळ्याला पाणी आलेलं तिला लोकांना दाखवायचं नव्हतं. दादा ट्रंक खांद्यावर घेऊन आले. मी ठरवून आले होते. दीड महिना मी मनात एकच वाक्य घोळवत होते, आणि सर मला पोचवायला स्टेशनवर येणार हे कळल्यावर तर ते सोपंच झालं होतं. सर आले, त्यांच्या हातात माझ्यासाठी एक भिंग होतं, चामड्याच्या पाकिटातलं. दादा त्यांना बघताच ट्रंक घेऊन चार पावलं मागं सरले आणि हमालांच्या ओळीत जाऊन उभे राहिले. गाडी लागली तेव्हा पुढं आले, ट्रंक वर चढवली, बाकाखाली सरकवली, आणि खाली उतरून म्हणाले, "बाईसाहेब, ठेवली बाकाखाली."

मी दारात उभी होते. म्हणाले, "सर, हे माझे वडील."

सरांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. आमचं दोघांचं नाक एकच आहे, कुणालाही दिसावं इतकं. पण मी दादांकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. पोरीनं हातची संधी घालवली, आता गाडीतून उतरवतील हिला, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सरांपुढं हात जोडले.

"नाय साहेब," ते म्हणाले. "पोरगी उगं माणुसकीनं बोलायली. मी गँगवाला. हिचा बाप मोठ्या नोकरीत हाय."

गाडी हलली. सर काही बोलले, मला ऐकू आलं नाही. मी दादा, दादा अशा हाका मारल्या, आणि दादा हात जोडून सरांपुढंच उभे राहिले. ते दिसेनासे होईपर्यंत त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं नाही.